चंद्रप्रभा की भरती

रत्नागिरीत घरटी एक माणूस बोटीवर असतो, पण बोटीवर प्रवासी म्हणून जाऊन आलेला माणूस शोधून काढावा लागतो. म्हणूनच आम्ही दोघं परत आल्यापासून जो तो मला गाठतो. "बाई, दोन्ही बोटींवर जाऊन आलात म्हणे. आमच्या आईबाबांना कुठल्या बोटीवर पाठवू?" ज्यांना मी शाळेत चित्रकला शिकवली ती मुलं आता टकली झाली आहेत, तीच विचारतात. रस्त्यात उभ्या उभ्या काय सांगणार? म्हणून इथे सविस्तर लिहिते.

निमित्त आमच्या मुलीचं. मुग्धा पुण्यात एका प्रवासी कंपनीच्या कचेरीत आहे. आपल्या किनाऱ्यावरून फिरणाऱ्या दोन लहान, पण थाटामाटाच्या बोटी आहेत, 'चंद्रप्रभा' आणि 'भरती'. दोघींचे मालक वेगळे, रीत वेगळी. पुढच्या हंगामात मुग्धाच्या कंपनीला दोघींपैकी एकीचीच तिकिटं विकायची होती, आणि निवड तिच्यावर सोपवलेली. तिचा फोन आला. "आई, एकीवर सगळं शिस्तीत आहे, दुसरीवर सगळं सैल. आपल्याकडच्या साठीतल्या माणसांना कुठलं मानवेल ते तू बघून सांग. रत्नागिरीहून चंद्रप्रभेनं गोव्याला जा, भरतीनं परत ये. आणि बाबांना घेऊन जा."

बाबांना घेऊन जा, हे म्हणणं सोपं. आमचे हे, म्हणजे मोहन साळवी, आयुष्यभर परदेशी बोटींवर स्टुअर्ड होते. आधी ताटं उचलणारे, मग वाढणारे, शेवटी सगळ्या जेवणघराचे मुख्य. शेवटच्या खेपेला खवळलेल्या समुद्रात जिन्यावरून पडले आणि पायात सळई घालून घरी आले. मला ते कळलं तेव्हा ऑपरेशन होऊन गेलेलं होतं. त्या दिवशी मी देवासमोर बसून ठरवलं, की आता पुरे. माणूस घरात हवा.

माणूस घरात आला खरा, पण टेबलाशी काही बसेना. स्टुअर्ड लोक बोटीवर पाहुण्यांच्या दोन वाढण्यांच्या मधे, मागच्या खोलीत उभ्यानं जेवतात. ती सवय ह्यांच्या हाडीमाशी खिळलेली. मी हौसेनं शिसवी डायनिंग टेबल आणलं. हे आपले ओट्याशी उभे, डाव्या हातात ताट, आणि मी पहिला भात कालवेपर्यंत ह्यांचं ताट धुऊन पालथं. आमच्या लग्नाच्या आयुष्यात हे माझ्यासमोर बसून जेवले ते फक्त बोटीवर जायच्या आदल्या दिवशी. तो सासूबाईंचा नेम होता. त्या दिवशी ह्यांना पाटावर बसवायचं, सगळं साग्रसंगीत वाढायचं, आणि ह्यांनी शेवटच्या दहीभातातला एक घास ताटाच्या कडेला ठेवायचा. माणूस घरातून निघेपर्यंत ते ताट कोणी उचलायचं नाही. निघाला, की तो घास बायकोनं खायचा. म्हणजे गेलेला परत येतो, असं सासूबाई म्हणत. त्यांच्या पश्चातही मी तो नेम मोडला नाही, आणि हे दर वेळी परत आले.

तर ह्यांना बोटीवर घेऊन जायचं, आणि तिथे माझ्यासमोर बसवून एक पुरतं जेवण जेवायचं, एवढीच माझी इच्छा होती. इच्छा म्हणजे डावच होता. कारण बोटींवर नोकऱ्या लावून देणाऱ्या मुंबईच्या एका एजंटाचे ह्यांना पुन्हा फोन येऊ लागले होते. फोन आला की हे पडवीत जाऊन बोलत, आणि बोलताना पाठ माझ्याकडे करत. मला वाटलं, समुद्रच हवा असेल तर तो माझ्याबरोबर प्रवासी म्हणूनही मिळतो, हे ह्यांना एकदा दाखवून द्यावं. मी भीत भीत विचारलं. "चंद्रप्रभा म्हणालीस?" ह्यांनी विचारलं. "जाऊ या की." इतक्या चटकन! मी इतकी खूश झाले, की त्या भरात घावन करपवलं.

भगवती बंदर

माघ संपत आला होता. आंब्याला मोहोर चांगला होता आणि दुपारचा वारा नको इतका होता. बोट बाहेर नांगरून उभी होती आणि आम्हाला लाँचनं तिच्यापर्यंत नेणार होते. बंदरावरून ती पांढरी, नीटनेटकी दिसली. लाँच बाहेर पडली मात्र, आणि मी तिची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

खरी परीक्षा पुढे होती. लाँच बोटीला लागली तरी दोन्ही सारख्या हलत होत्या. मधल्या फटीत हिरवं पाणी उसळत होतं आणि त्यावरून बोटीच्या फळीवर पाय टाकायचा होता. मी ह्यांच्या सळईच्या पायाकडे बघत होते. मी "थांबा" म्हणेपर्यंत हे पलीकडे होते. एका लाटेची वाट बघितली, ती वर आल्यावर सहज पाय टाकला, आणि वळून मला हात दिला. "लाटेकडं बघू नको गो. माझ्याकडं बघ. आता!"

मी पलीकडे गेले. हात सुटला तरी ह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. घराच्या कुठल्याही खोलीत मी ते पाहिलेलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली.

चंद्रप्रभा

आधी बोटीबद्दल. चंद्रप्रभेवर पन्नासेक प्रवासी आणि जवळपास तेवढेच नोकर. खोलीत पाय ठेवला, तर उशीवर मोगऱ्याचा गजरा आणि माझं नाव लिहिलेलं कार्ड. चहा मागायचा नाही, घंटी वाजवायची, की हातमोजे घातलेला माणूस किटली घेऊन येतो. दुपारी कोणी चपला घालून जेवणघरात आलं तर त्याला गोड बोलून परत पाठवतात. संध्याकाळी पुरुषांनी कोट घालायचा, बायकांनी ठेवणीतलं नेसायचं. प्रत्येकाचं टेबल ठरलेलं, खुर्चीसुद्धा ठरलेली. ज्यांना लग्नाच्या पंगतीत यजमानाच्या शेजारी बसायला आवडतं, त्यांनी डोळे मिटून चंद्रप्रभा निवडावी.

दुपारभर आम्ही डेकवर होतो. आपलाच किनारा समुद्रातून बघणं म्हणजे स्वतःची पाठ आरशात बघण्यासारखं आहे. पूर्णगडच्या खालचा जांभा दगड मला इतका तांबडा कधी दिसला नव्हता. रंगांच्या पेटीत तो तांबडा नसतो, मुलांना तो करायला शिकवताना माझी निम्मी नोकरी गेली. पुढे जैतापूरची खाडी आली. माझं माहेर राजापूर. तिथल्या आमच्या घाटावर धुतलेल्या कपड्यांचं पाणी अर्जुनेतून इथेच समुद्राला मिळतं. मी ह्यांना हे कौतुकानं सांगत होते आणि हे "हां, हां" करत दाराच्या काचेतून आत बघत होते. आत संध्याकाळची टेबलं मांडणं चाललं होतं.

जेवायला मी हिरवी काठपदराची नेसले. ह्यांनी कोट घातला. मी बसेपर्यंत माझी खुर्ची धरून उभे राहिले, आणि मी बसल्यावरही उभेच. "बसा ना," मी कुजबुजले. बसले. खुर्चीच्या कडेवर, सगळा भार पायांवर. सूप आलं. शेजारच्या टेबलावर पाण्याचा ग्लास रिकामा होता, ह्यांचे डोळे तिथे. पलीकडे एका बाईंचा रुमाल खाली पडला, तर हे उठलेच. माझ्यासमोर माशाचा मोठा तुकडा आला. काटेचमच्यांनी काटे काढता काढता माझे हात दुखले. म्हणून दोन्ही हत्यारं ताटात शेजारी शेजारी नीट ठेवून जरा दम घेतला, तर मागून हातमोजे आले आणि ताट गायब!

"अहो, माझा मासा!"

"तूच 'उचल' म्हणालीस," हे हसून म्हणाले. "काटाचमचा जोडून ठेवला म्हणजे जेवण झालं. दोन्हींत फट ठेवायची, म्हणजे ताटाला कोणी हात लावत नाय."

मी अर्धपोटी होते, पण हे माझ्याशी बोलत होते, म्हणून मासा गेल्याचं दुःख केलं नाही. एवढ्यात बोट एका बाजूला कलली. एका वाढप्याच्या हातातलं भरलेलं तबक तिरकं झालं. त्याच्या अंगावर सगळं सांडणार, तोच हे तिथे होते. एका तळव्यावर तबक, दुसरा हात त्या माणसाच्या पाठीवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जेवणघराचा मुख्य धावत आला, पन्नाशीचा, गोलमटोल, गोव्याचा रोझारिओ. हा पूर्वी ह्यांच्या हाताखाली होता हे मला त्याच्या मिठीवरूनच कळलं.

"साळवीसाहेब! एजंट म्हणाला होता, बोट बघायला येतील म्हणून. पण मॅडमना घेऊन, चक्क प्रवासी होऊन? झकास!" मग माझ्याकडे वळून तो भाबडेपणानं म्हणाला, "मॅडम, आता ह्यांना आमच्याकडे ठेवूनच घेतो. नव्या लोकांना शिकवायला असा हात नाही मिळत. साहेब, तुम्ही रत्नागिरीला परत उतरायच्या आत हो की नाही ते कळवा फक्त."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे तबकाकडे पाहत होते.

'जाऊ या की' एवढ्या चटकन का आलं, ते मला त्या क्षणी कळलं. गोड आलं होतं समोर, गुलाबाच्या पाकळ्या टाकलेलं. मी काटाचमचा जोडून ठेवला.

पणजी

भांडण बोटीवर करता आलं नाही, कारण चंद्रप्रभेवर भिंतीही कोट घालून उभ्या असतात. ते पणजीला उतरल्यावर केलं, एका साध्या खानावळीत. तिथली आमटी आपल्यापेक्षा आंबट, कोकमाऐवजी चिंच जास्त, आणि तांदूळ जाड. एरवी मी यावर पाव तास बोलले असते.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू आली नसतीस." हे भिंतीला टेकून उभे, हातात ताट. खानावळवाला दोनदा खुर्ची पुढे सरकवून गेला होता.

"त्या पायाचं काय? पुन्हा पडलात तर? मला पुन्हा परक्या माणसाच्या फोनवरून कळणार?"

"ही काय परदेशी बोट हाय? मुंबई ते कोची. आणि मी तबक नाय उचलायचं, शिकवायचं नुसतं."

"काल उचललंत."

ह्यावर हे ताट खाली ठेवून म्हणाले, "अगो, घरी मी काय करतो सांग. सकाळी कलमांना पाणी घालतो. मग तू काय करतेस ते बघतो. मग दुपार होते."

"तर मला मदत करा!"

"करू दिलीस कधी? परवा टेबल मांडलं, तर माझी पाठ वळल्यावर तू सगळं बदललंस."

हे खरं होतं. वाट्या डाव्या बाजूला मांडल्या होत्या, मी काय करणार! मी ती आंबट आमटी भातात कालवत राहिले. ह्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे ठेवला.

"अजून उत्तर दिलेलं नाय," हे हळूच म्हणाले. "रत्नागिरीला उतरायच्या आत सांगतो. आधी तुला."

भरती

भरतीवर चढताना मी कंबर कसली होती. दोन दिवस हातात होते.

आणि बोटही माझ्याच बाजूची निघाली. भरतीवर चढल्या चढल्या चपला काढून एका टोपलीत टाकायच्या, त्या उतरतानाच परत मिळतात. वीस-बावीस प्रवासी. घंटी नाही, हातमोजे नाहीत. चहाची किटली कोपऱ्यात, ज्याचा त्यानं ओतून घ्यायचा आणि कप ज्याचा त्यानं धुवायचा. कप्तान हाफ पँटमध्ये. जेवायला डेकवर एकच लांब फळ्यांचं टेबल, बाकं, आणि केळीच्या पानाच्या आकाराची ताटं. वाढायला मालवणच्या शेवंताताई, माझ्याच वयाच्या, पदर खोचून. "खावा गे, लाजतास कित्या?" असं म्हणत त्या आग्रहानं वाढायच्या. मासा हातानं खायचा. ज्यांना सुट्टीत आत्याच्या घरी गेल्यासारखं वाटायला हवं, त्यांनी भरतीवर जावं. मात्र खोल्या लहान आहेत, आणि शेजारचा घोरतो ते ऐकू येतं.

इथे ह्यांना करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी मनातून सुखावले. पण काम नसलेला स्टुअर्ड बोटीवर बघवत नाही. पहिल्या दिवशी हे या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी येरझारा घालत राहिले. लंगडणं घरी असतं त्याहून जास्त. कोणाचा कप दिसला की उचलत, आणि ज्याचा असे तो "अहो काका, राहू द्या" म्हणून हातातून काढून घेई. असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा हे कठड्याला धरून पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. जेवणही तिथेच, उभ्यानं. निवतीच्या समुद्रात डॉल्फिन आले, सगळे ओरडत एका बाजूला धावले. ह्यांनी मान वळवली नाही. मला राग आला. इतका सुंदर समुद्र, इतकी साधी माणसं, शेजारी बायको. आणखी काय हवं एखाद्याला?

दुसऱ्या दिवशी मी सगळे उपाय केले. सकाळी ह्यांच्याशी पत्ते खेळले आणि मुद्दाम हरले. हिच्यावर दरवर्षी येऊ, मुग्धाला सांगू, असं म्हटलं. हे "बघू" म्हणाले. दुपारी देवगड आलं, वर सड्याच्या उघड्या माळावर पवनचक्क्या फिरत होत्या. मी चित्र काढत बसले. मान वर केली तेव्हा हे पलीकडच्या टोकाला फोन हातात धरून उभे दिसले. पवनचक्क्यांचे फोटो काढत असतील, असं मला वाटलं. ह्यांना फोटो काढावेसे वाटले, म्हणजे मन रमतंय!

आणि खरंच, हे परत आले ते निवळलेले. माझ्या वहीत बघून म्हणाले, "जांभा बरा जमलाय." कितीतरी वर्षांनी ह्यांनी माझ्या चित्राबद्दल काही म्हटलं होतं. मुग्धाला काय सांगायचं ते मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. भरतीच.

दिवस मावळायला विजयदुर्गाची तटबंदी काळी व्हायला लागली आणि शेवंताताईंनी शेवटचं जेवण वाढायला घेतलं. सुरमईचं तिखलं, तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी. मी सवयीनं बाकाच्या टोकाला बसले, म्हणजे कठड्याशी उभ्या असलेल्या ह्यांच्याशी बोलता येतं. हे आले. ताट टेबलावर ठेवलं. सळईचा पाय हातानं उचलून बाकाच्या आत घेतला, आणि माझ्यासमोर बसले.

नीट बसले. पाठ टेकायला काही नव्हतं, तरी सैल बसले.

मी नजर ताटातच ठेवली. बोलले तर उठतील, अशी धास्ती. ह्यांनी सुरमईचा काटा अख्खा सोडवून मऊ तुकडा माझ्या ताटात ठेवला. भाकरी मोडून सावकाश खाल्ली. मधे मला विचारलं, "आपल्या पायरीच्या कलमाला या वर्षी मोहोर जास्त नाय?" मी म्हटलं, "जास्तच आहे." "मे महिन्यात आंबे उतरवायला गडी लवकर सांगून ठेव. नंतर मिळत नायत." मी म्हटलं, "ठेवते." सूर्य गेला, पाणी राखाडी झालं, टेबलावरचे दिवे लागले. शेजारची माणसं हसत होती. मला वाटत होतं, ओरडून सगळ्यांना सांगावं, बघा, माझा नवरा बसून जेवतोय! इतकं सुख मला त्या गजऱ्याच्या उशीवर वाटलं नव्हतं.

ह्यांनी शेवंताताईंकडे दहीभात मागून घेतला. हळूहळू खाल्ला. आणि शेवटचा घास बोटांनी नीट गोळा करून ताटाच्या कडेला ठेवला.

मी त्या घासाकडे बघत राहिले. पाट नव्हता, म्हणून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मे महिन्याचा गडी मलाच सांगून ठेवायला लावला, तेव्हासुद्धा नाही.

"रोझारिओला कळवलंत," मी म्हणाले.

"नाय गो. आधी तुला, असं म्हटलं होतं ना." ह्यांनी हात पुसले नव्हते, तसेच ताटावर धरलेले. "फोन उघडला होता देवगडला. नाय केला. तुला सांगायचं कसं, तेच जमत नव्हतं."

"सांगितलंत की," मी म्हटलं.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. राग आला होता का? आला होता. पण त्याच वेळी मला भगवती बंदरातली ती फळी आठवत होती, लाटेवर पाय टाकून वळलेले हे, आणि ते हसू. ते हसू मी घरात ठेवून घेऊ शकत नव्हते. माझ्या शिसवी टेबलानंही ते जमलं नसतं.

"पाय सांभाळाल?"

"सांभाळीन."

"पडलात तर स्वतः फोन कराल. दुसऱ्यानं केलेला मी उचलणार नाही."

"करीन गो."

शेवंताताई ताटं गोळा करत आमच्यापर्यंत आल्या. माझं ताट उचललं. मग ह्यांच्या ताटाला हात घातला. "झाला मा? उचलू?"

मी त्या ताटावर माझा हात ठेवला.

"राहू दे, ताई," मी म्हटलं. "ते अजून गेलेले नाहीत."